आधी उजेड, मग कॅमेरा: वेगवान इंकजेट छपाईतले दोष पकडण्यासाठी

औषधाच्या पट्टीवरचा बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि मुदत संपण्याचा महिना नीट वाचता आला नाही, तर आतली गोळी कितीही चांगली असली तरी ती पट्टी बाजारात पाठवता येत नाही. अलीकडे या नोंदींत आणखी एकीची भर पडली आहे. केंद्र सरकारने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी औषध नियमांत दुरुस्ती केली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून अनुसूची एच-२ मधल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. या कोडमध्ये बॅच क्रमांक आणि तारखाही असाव्या लागतात. बॅच बदलली की कोड बदलतो, त्यामुळे अनेक ठिकाणी तो चालू लाइनवर, धावत्या फॉइलवर किंवा खोक्यावर, इंकजेटनेच छापला जातो. युरोपीय संघात जाणाऱ्या डॉक्टरी चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांना तर ९ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक खोक्यावर वेगळा क्रमांक लागतो. औषधनिर्मिती हा गोव्याच्या भक्कम उद्योगांपैकी एक आहे आणि मुळगाव, डिचोली, पेडणे या भागातली कितीतरी तरुण मंडळी पॅकिंग लाइनवर काम करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, त्यांच्या सुपरवायझरसाठी आहे आणि लेबलं, खोकी छापणाऱ्या लहान कारखानदारांसाठीही आहे.

छपाईतला दोष तपासणीतून निसटून पुढे गेला की पहिली मागणी येते ती नव्या कॅमेऱ्याची. जास्त पिक्सेलचा कॅमेरा घ्या, नवं सॉफ्टवेअर घ्या, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवा, असं सुचवलं जातं. माझं म्हणणं असं की या क्रमाची सुरुवातच चुकते. कॅमेरा दोष पाहत नाही, तो पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश मोजतो. चांगल्या भागावरून आणि सदोष भागावरून परत येणाऱ्या प्रकाशात फरकच नसेल, तर महागडा कॅमेराही तो फरक निर्माण करू शकत नाही. उलट प्रकाशाचा कोन, रंग आणि कालावधी नीट निवडला तर साधा कॅमेराही तोच दोष ठळक दाखवतो. म्हणून दोष निसटत असेल तर पैसा आणि वेळ आधी प्रकाशावर घाला आणि कॅमेऱ्याचा विचार नंतर करा. या म्हणण्याला आधार काय, ते आता क्रमाने पाहू.

पहिला आधार वेगाच्या हिशेबाचा. कागद किंवा फॉइल मिनिटाला १०० मीटर या वेगाने धावत असेल तर ते एका सेकंदात जवळपास १.६७ मीटर जातं. छपाई ६०० डीपीआयची असेल तर दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण ४२ मायक्रॉन असतं. हे अंतर कापायला त्या फॉइलला अवघे २५ मायक्रोसेकंद लागतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक मिलिसेकंद ठेवलं तर तेवढ्यात फॉइल १.६७ मिलिमीटर पुढे सरकलेलं असतं आणि एकामागचे चाळीसेक ठिपके एकमेकांत फासले जातात. ठिपका ठिपक्यासारखा दिसायला हवा असेल तर एक्स्पोजर दहा-बारा मायक्रोसेकंदांवर आणावं लागतं. लाइनस्कॅन, म्हणजे एका वेळी एकच ओळ टिपणाऱ्या, कॅमेऱ्याचा हिशेबही असाच आहे. १२०० डीपीआयने पाहायचं म्हटलं तर याच वेगाला सेकंदाला सुमारे ७९,००० ओळी टिपाव्या लागतात आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला जेमतेम १२.७ मायक्रोसेकंद येतात. इतक्या थोड्या वेळात सेन्सरवर पुरेसा प्रकाश पडायचा तर दिवा प्रखर हवा आणि जवळ हवा. तो नसेल तर कॅमेऱ्याचा गेन वाढवला जातो. गेन वाढवल्याने चित्र उजळ दिसतं, पण त्यात नवी माहिती काहीच येत नाही, चित्रातले कण मात्र वाढतात. प्रकाशच चौपट केला तर चित्रातली स्पष्टता आणि खरखर यांचं प्रमाण जवळपास दुप्पट सुधारतं. शिवाय लेन्सचं छिद्र बारीक करता येतं, त्यामुळे फॉइल किंचित वरखाली फडफडलं तरी फोकस जात नाही.

खोकी एकेक करून कॅमेऱ्याखालून जात असतील तर एलईडी सतत जळत ठेवण्याची गरज नसते. मिनिटाला ६०० खोकी म्हणजे सेकंदाला १०. प्रत्येक खोक्यासाठी २० मायक्रोसेकंदांची एक चमक पुरते. म्हणजे दिवा एकूण वेळाच्या ०.०२ टक्के एवढाच वेळ पेटलेला असतो. इतक्या कमी वेळासाठी योग्य स्ट्रोब कंट्रोलरमधून एलईडीला नेहमीच्या कित्येक पट प्रवाह देता येतो आणि तरीही ती तापत नाही. मात्र ही चमक वेळेच्या अंदाजाने देऊ नका, लाइनची हालचाल मोजणारा एन्कोडर आणि खोकं ओळखणारा सेन्सर यांच्या इशाऱ्याने द्या, नाहीतर लाइनचा वेग बदलला की चित्र चौकटीबाहेर जातं. कॅमेरा ग्लोबल शटरचा असावा. रोलिंग शटरमध्ये ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्यामुळे धावता कोड तिरका होऊन येतो.

दुसरा आधार दोषांच्या स्वभावाचा. सगळ्या दोषांना एकच प्रकाश चालत नाही, म्हणून आधी आपल्या लाइनवर कोणते दोष येतात त्यांची यादी करा. नोझल बंद पडलं की फॉइल ज्या दिशेने धावतं त्याच दिशेने एक बारीक पांढरी रेघ उमटते. नोझल तिरकं मारू लागलं की एका बाजूला रेघ फिकी आणि शेजारी गडद होते. मुख्य थेंबामागून सुटलेले उपथेंब अक्षराच्या कडेला धुरळ्यासारखे बसतात. दोन प्रिंटहेडच्या जोडावर पट्टा दिसतो. शाई नीट सुकली नाही तर ती पुढच्या रोलरवर पुसते. यातली एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. वेगामुळे येणारा धूसरपणा धावण्याच्या दिशेतच असतो, आणि बंद नोझलची रेघही त्याच दिशेत असते. त्यामुळे ती रेघ धूसरपणात विरघळत नाही. फक्त रेघाच शोधायच्या असतील तर एक्स्पोजर थोडं लांबवून जास्त प्रकाश गोळा करता येतो, मात्र फॉइलच्या रुंदीच्या दिशेने पिक्सेल बारीक हवेत, एका ठिपक्यामागे निदान दोन. क्यूआर कोडचा चौकोन किंवा उपथेंब शोधायचे असतील तर ही सवलत मिळत नाही. तिथे चमक छोटीच हवी. दोष नक्की न ठरवता दिवा विकत घेतला तर तो कुठल्याच दोषाला धड लागू पडत नाही.

तिसरा आधार कोनाचा, आणि फॉइलवर छापणाऱ्यांसाठी तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. स्टीलच्या ताटावरचा ओरखडा समोरून दिसत नाही, ताट खिडकीकडे जरा तिरकं केलं की लख्ख दिसतो. ॲल्युमिनियम फॉइलचंही तेच. फॉइल आरशासारखं वागतं, ज्या कोनात प्रकाश येतो त्याच कोनात तो परत फेकतं. शाई मात्र प्रकाश चहूकडे विखुरते किंवा गिळते. दिवा अगदी खालून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवला तर फॉइलवरचा प्रकाश लेन्स चुकवून निघून जातो आणि पार्श्वभूमी काळी दिसते. अशा वेळी फिकी शाई, ओरखडा, उठाव हे सगळं उजळून येतं. याची किंमतही आहे: धुळीचा प्रत्येक कणही तसाच उजळतो. याउलट लेन्सच्याच रेषेतून येणारा प्रकाश वापरला तर सपाट फॉइल पांढरं आणि शाई काळी दिसते. काळ्या शाईतला कोड वाचायला हा मार्ग चांगला, पण फॉइल सपाट असेपर्यंतच. सीलिंग रोलरखालून गेल्यावर ब्लिस्टरच्या फॉइलवर बारीक दाण्यांची नक्षी उठते, आणि प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने चकाकतो. तिथे घुमटाकार दिवा, म्हणजे सगळीकडून सारखा मऊ प्रकाश देणारा डोम लाइट लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे तपासणीच सीलिंगच्या आधी, फॉइल सपाट असताना करणं. मशीनवर जागा असेल तर हा बदल कुठल्याही नव्या कॅमेऱ्याहून स्वस्त पडतो. ध्रुवित फिल्टरची जोडीही चकाकी मारते, पण ती बराचसा प्रकाशही खाते, आणि आपल्याकडे वेळ मायक्रोसेकंदांतला आहे हे विसरून चालत नाही.

चौथा आधार रंगाचा. शाई जो रंग गिळते त्या रंगाच्या प्रकाशात ती काळी दिसते. निळसर सायन शाई तांबड्या प्रकाशात ठळक होते, मजेंटा हिरव्यात, पिवळी निळ्यात. पांढऱ्या कागदावर पिवळ्याचं एखादं नोझल बंद पडलं तर साध्या पांढऱ्या उजेडात ते ना डोळ्याला कळत ना काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याला. तेच ४५० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात पिवळी शाई गडद होते आणि तिच्यातली फट स्पष्ट दिसते. काळ्या शाईबाबत एक सावधगिरी बाळगा. रंगद्रव्य विरघळवून केलेल्या अनेक काळ्या शाया ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशात जवळपास पारदर्शक होतात, कार्बनच्या शाया मात्र काळ्याच राहतात. चकाकी टाळण्यासाठी इन्फ्रारेड दिवा बसवला आणि छापलेला मजकूरच नाहीसा झाला, असं होऊ शकतं. म्हणून दिवा मागवण्याआधी शाई पुरवणाऱ्याकडून हे विचारून घ्या आणि आपल्याच फॉइलवर नमुना छापून पाहा.

या सगळ्याला सर्वांत भक्कम दुजोरा मानकांतूनच मिळतो. द्विमितीय कोडचा दर्जा ठरवणारं आयएसओ/आयईसी १५४१५ हे मानक गुण देण्याआधी प्रकाश ठरवून घेतं. नेहमीच्या पद्धतीत तो ४५ अंशांतून, चारी बाजूंनी येतो आणि तांबडा, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्या प्रकाशात काळ्या-पांढऱ्यातला फरक ७० टक्के किंवा जास्त भरला तर या निकषावर सर्वोच्च श्रेणी मिळते, २० टक्क्यांहून कमी भरला तर कोड नापास होतो. चकचकीत धातूवर थेट उमटवलेल्या खुणांसाठी आयएसओ/आयईसी २९१५८ हे वेगळं मानक आहे आणि त्यात डोमसारख्या अन्य प्रकाशरचनांनाही मुभा आहे. दिवा बदलला की तोच कोड वेगळी श्रेणी घेतो, हे मानक करणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. मग आपल्या नोंदवहीत ‘कोड पास’ एवढंच लिहून, तो कोणत्या उजेडात पास झाला हे न लिहिणं ही अपुरी नोंद आहे.

आता आपल्या भागाचा विचार. डिचोली-मुळगाव हा लोहखनिजाचा पट्टा आहे. कोरड्या दिवसांत तांबडी धूळ दाराच्या फटीतूनही आत येते. ही धूळ दिव्याच्या काचेवर बसली तर सगळा प्रकाश सारखा कमी होत नाही. लोहाचा गंज निळा आणि हिरवा प्रकाश गिळतो, तांबडा सोडतो. म्हणजे काच डोळ्याला फारशी मळलेली वाटत नसली तरी निळा प्रकाश आधी मंदावतो आणि पिवळ्या शाईची तपासणी सर्वांत आधी ढिली पडते. म्हणून काच दर पाळीला मऊ, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत एका कोपऱ्यात पांढरी व करडी पट्टी कायमची बसवा. त्या पट्टीचं मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की लाइनने इशारा द्यावा. पावसाळ्यात अडचण दुसरी असते. वातानुकूलित पॅकिंग हॉलमध्ये बाहेरची दमट हवा शिरली की थंड काचेवर बाष्प धरतं. बाष्प धरलेली काच सरळ प्रकाश विखुरते, आणि खालच्या कोनातून आणलेल्या प्रकाशाचा सगळा फायदा जातो. दारं बंद ठेवणं आणि लाइन सुरू करण्याआधी दिवे काही वेळ चालू ठेवणं याने हे टळतं. तापमानाचाही परिणाम होतो. एलईडी तापते तसा तिचा उजेड घटतो, तांबड्या एलईडीचा निळीपेक्षा जास्त. सकाळी थंड दिव्यावर ठरवलेली मर्यादा दुपारी लागू पडत नाही, म्हणून सेटिंग नेहमी दिवा स्थिर झाल्यावरच करा.

छतातल्या पारदर्शक पत्र्यातून येणारं ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेड हेही तपासणीत लुडबुड करतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. छोट्या एक्स्पोजरमध्ये एक चित्र उजळ आणि पुढचं काळपट येतं ते यामुळे. उपाय साधा आहे: कॅमेरा आणि दिवा यांच्याभोवती आतून काळा, चकाकी नसलेला हूड बसवा. हूडचं दुसरं काम माणसांसाठी आहे. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी चमक प्रकाशामुळे झटके येणाऱ्या अपस्मारी माणसाला त्रास देऊ शकते, आणि मिनिटाला ६०० खोक्यांची लाइन नेमकी सेकंदाला १० वेळा चमकते. लाइनवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांवर ती चमक पडता कामा नये. हूडशिवाय स्ट्रोब चालवू नये, ही अट मी सोयीची नव्हे, सुरक्षेची मानतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात प्रकाशाचं इतकं कौतुक कशाला. सॉफ्टवेअर चकाकीतूनही दोष ओळखायला शिकेल. सॉफ्टवेअर पुष्कळ शिकतं हे खरं आहे, पण ते चित्रात असलेल्या फरकावरच शिकतं. जिथे चकाकीने सेन्सर पूर्ण भरून गेला आहे तिथली माहिती नाहीशी झालेली असते, ती कुठल्याही गणिताने परत येत नाही. शिवाय मळक्या काचेखाली, बदलत्या उन्हात घेतलेली चित्रं दाखवून शिकवलेलं सॉफ्टवेअर दोषाऐवजी उजेडातला बदल शिकण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशी दिवा पुसला की ते गोंधळतं. चांगल्या प्रकाशात शिकवलेल्या सॉफ्टवेअरला उदाहरणंही कमी लागतात. म्हणजे सॉफ्टवेअर घ्यायचंच असलं तरी क्रम तोच राहतो.

दुसरा आक्षेप अनुभवी कामगारांच्या बाजूने येतो आणि तो मला आदराने घ्यावासा वाटतो. सवयीचा डोळा बंद नोझलची रेघ लगेच ओळखतो. माणसाचा डोळा सलग रेघ अतिशय बारीक असली तरी पकडतो, सुट्या ठिपक्यापेक्षा खूपच सहज. पण हे थांबलेल्या कागदावर घडतं. सेकंदाला दीड मीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या पट्टीवर, आठ तासांच्या पाळीत, ही अपेक्षा करणं त्या माणसावर अन्याय करणारं आहे. त्याच्या डोळ्याचा खरा उपयोग ठरावीक वेळाने काढलेले नमुने तपासण्यात आहे आणि कॅमेऱ्याला काय शिकवायचं ते ठरवण्यात आहे. नमुने पाहण्याच्या टेबलावरही तिरका, हलवता येणारा दिवा द्या, डोक्यावरच्या ट्यूबखाली फॉइल पाहायला लावू नका.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि लहान कारखान्यांसाठी तो खरा आहे. डोम, स्ट्रोब कंट्रोलर, लाइनस्कॅनचा प्रखर दिवा या गोष्टी स्वस्त नाहीत. पण इथे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च येत नाही. हूड, स्वच्छ काच, दिवा जवळ आणणं, कोन बदलून पाहणं, करडी पट्टी, गेन कमी करणं, एवढं आधी करा. ज्या मशीनवर फॉइल थांबत-थांबत पुढे जातं तिथे तर वेगाचा प्रश्नच उरत नाही. थांबलेल्या क्षणी चित्र घेता येतं, आणि सगळं लक्ष कोनाकडे देता येतं. अशा लाइनवर महागड्या स्ट्रोबची मी शिफारस करणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. प्रकाश सुधारला की धूळ, सुरकुती, निरुपद्रवी डागही दिसू लागतात, चांगला माल रिजेक्ट होतो आणि शेवटी ऑपरेटर मर्यादा ढिली करून टाकतो. हे घडतं, आणि म्हणूनच नुसता उजेड वाढवून भागत नाही, त्याची परीक्षा घ्यावी लागते. आपल्या यादीतला प्रत्येक दोष मुद्दाम तयार करा: एक नोझल बंद करून छापा, कोडचा एक कोपरा पुसा, फिकी छपाई काढा. या नमुन्यांवर खूण करून त्यांचा हिशेब काटेकोर ठेवा, नाहीतर तेच मालात मिसळतील. मग पूर्ण वेगाने प्रत्येक नमुना अनेकदा सोडा आणि दोन आकडे लिहा: किती सदोष पकडले गेले आणि किती चांगले उगाच बाहेर पडले. दिव्याचा कोन बदला आणि पुन्हा दोन्ही आकडे लिहा. दोन्ही एकत्र सुधारतात तो कोन बरोबर. एकच सुधारत असेल तर तुम्ही प्रकाश सुधारला नाही, फक्त मर्यादा सरकवली. हीच चाचणी दर पाळीच्या सुरुवातीला आणि दिवा, शाई किंवा फॉइल बदलल्यावर करायची. नोंदीत दिव्याचा कोन, अंतर, रंग आणि चमकेचा कालावधी लिहून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस अंदाजावर काम करणार नाही.

डिचोली आणि पेडण्यातल्या आयटीआयमधून येणाऱ्या मुलामुलींना मोटर, सेन्सर, पीएलसी शिकवलं जातं. त्यात प्रकाशरचनेचे चार तास घातले तर या भागातल्या कारखान्यांना त्याचा थेट उपयोग होईल. आणि जे आजच लाइनवर आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच की नव्या कॅमेऱ्याच्या मागणीवर सही करण्याआधी दिव्याची काच पुसा, हूड लावा, दिव्याचा कोन बदला आणि खूण केलेले सदोष नमुने पूर्ण वेगाने लाइनवरून सोडून पाहा. त्यानंतरही दोष निसटत असेल तर कॅमेरा जरूर मागा. आपण लिहिलेली मुदतीची तारीख वाचूनच कुणीतरी ती गोळी घेणार आहे, म्हणून ही परीक्षा कुठल्याही पाळीत टाळू नका.